पगारावर पाटी कुठे लावणार

पाळणाघरात नियम एकच होता. नाही म्हणायचं नाही.

पाळणाघर म्हाताऱ्यांचं. दारावरच्या पाटीवर ‘विस्मृतिग्रस्त ज्येष्ठांसाठी दिवसा सांभाळ केंद्र’ असं भारदस्त नाव होतं, पण एवढं बोलेपर्यंत माणूस काय सांगायला आला होता तेच विसरायचा. गल्लीने त्याचं म्हाताऱ्यांचं पाळणाघर करून टाकलं, आणि पुढेपुढे ते चालवणाऱ्या बाईसुद्धा फोन उचलून “हां, पाळणाघर,” म्हणायला लागल्या. सकाळी व्हॅन घरोघर फिरून माणसं गोळा करायची, संध्याकाळी ज्याची त्याला परत द्यायची. मधल्या वेळात त्यांच्या लेकी, सुना, मुलगे निर्धास्तपणे कामाला जायचे.

तर नियम. पोस्टमास्तर आजोबा जेवताजेवता उठून म्हणाले, “चला, टपाल यायची वेळ झाली,” तर तुम्ही कधीच रिटायर झालात असं त्यांना सांगायचं नाही. “गाडी लेट आहे साहेब, तोवर भात संपवा,” म्हणायचं. बँकेतल्या आजी आईची वाट बघत दारात बसल्या, तर आई कधीच गेली म्हणायचं नाही. कारण ते त्यांना दर वेळी नव्याने कळायचं आणि दर वेळी त्या नव्याने रडायच्या. त्यापेक्षा “येतीलच हो. फार कडक होत्या का?” असं विचारलं की आजी खुलायच्या आणि आईच्या हातच्या माराच्या गोष्टी सांगत आत यायच्या.

मावशी यात पटाईत. खरं तर तिथे काम करणाऱ्या सगळ्याच बायका मावश्या, पण नुसतं मावशी म्हटलं की हीच. व्हॅनचा ड्रायव्हर तिला होयबाई म्हणायचा.

“होयबाई, आज सूर्य पश्चिमेला उगवला.”

“हो तर. मी बघितला ना येताना. उशीर झाला म्हणून घाईत होता.”

नातेवाइकांसाठी तिची एक खूण होती. म्हाताऱ्याशी असलं काही बोलताना लेक किंवा मुलगा शेजारी असला, तर ती त्यांच्याकडे बघून दोन्ही डोळे हळूच मिटायची आणि उघडायची. म्हणजे, हे त्यांच्यासाठी चाललंय, खरं काय ते नंतर सांगते. नवीन आलेले लोकही आठवडाभरात ही खूण शिकायचे आणि मान हलवून गप्प राहायचे.

या पाळणाघरात मावशीचा स्वतःचाही एक म्हातारा होता. दादा, तिचा थोरला भाऊ. आईवडील गेले तेव्हा ती एवढीशी होती. तिची वेणी घालण्यापासून तिला सासरी पाठवण्यापर्यंत सगळं दादाने केलं, स्वतःचं लग्न तेवढं करायचं राहून गेलं. तिचा नवरा लवकर वारला तेव्हा दादाच जाऊन तिला ट्रंकेसकट घेऊन आला आणि म्हणाला, “ठके, बरं झालं आलीस. माझ्या हातचं खाऊन माझंच पोट बिघडलं होतं.” कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

दादा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या. अर्ध्या गावाच्या डोक्यावर दादाचं अक्षर होतं. मग छापील पाट्या आल्या आणि दादाची बोटं रिकामी झाली. काही वर्षांनी डोकंही रिकामं व्हायला लागलं. घरी एकटा राहिला की तो कामावर निघायचा. एकदा हमरस्त्याच्या मधोमध उभा राहून समोरच्या पुलाचं माप घेत होता. ट्रकवाला जागा होता म्हणून दादा वाचला.

पाळणाघरात मात्र त्याचं ठीक चाललं होतं. मावशीने त्याला मागच्या आवारातली सिमेंटची भिंत दाखवली, हातात ब्रश आणि पाण्याचं डबडं दिलं. दादा पाण्याने अक्षरं काढायचा. रेघ अजून जराही हलत नव्हती. शेवटचं अक्षर पुरं होईतो पहिलं वाळून गेलेलं असायचं. मग तो दोन पावलं मागे सरून कोरी भिंत बघायचा आणि त्याचा चेहरा उजळायचा, की चला, काम आहे अजून.

मावशीचा पगार इथला आणि दादाचा दिवसही इथलाच. पाळणाघर नसतं तर तिला एक तर काम सोडून घरी बसावं लागलं असतं, नाही तर दादाला एकट्याला टाकून जावं लागलं असतं. तिसरा रस्ता तिने बराच शोधून बघितला होता.

त्या वर्षी सरकारी अनुदान आटलं. बंद झालं असं कुणीच म्हटलं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळं फिरून बघितलं, चहा घेतला, पोस्टमास्तरांना आपलं पत्र अजून का आलं नाही असं गमतीने विचारलं (त्यावर पोस्टमास्तर दिवसभर बेचैन होते) आणि मग ते म्हणाले, “उत्तम काम आहे. आता यात लोकसहभाग वाढवा.”

“म्हणजे काय साहेब?” ड्रायव्हर दारातून म्हणाला.

“म्हणजे समाजाने पुढे आलं पाहिजे.”

“आणि तुम्ही?”

“आम्ही पाठीशी आहोतच.”

“किती पाठीशी? नाही, दिसत नाही म्हणून विचारलं.”

बाईंनी त्याला व्हॅन पुसायला पाठवलं.

मग समाज पुढे आला. खोटं कशाला बोला, मनापासून आला. एका क्लबने चाकांच्या खुर्च्या दिल्या, प्रत्येकीच्या पाठीवर अध्यक्षांचं नाव लाल रंगात. इथले बहुतेक म्हातारे चांगले तुरुतुरु चालणारे. ते चालतात हीच तर अडचण होती. एका विमा कंपनीने खोलीखोलीत लावायला घड्याळं दिली, तीही अशा ठिकाणी जिथे कुणाचंच काळवेळेशी पटत नव्हतं. कुणी वाढदिवसाला भर उन्हाळ्यात लोकरीची ब्लँकेटं वाटली. कॉलेजच्या मुलामुलींनी येऊन पुढच्या भिंतीवर फुलं रंगवली, फोटो काढले, म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडून रडलीही. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या आजी सकाळभर ती फुलं तोडायचा प्रयत्न करत होत्या. त्यांची नखं दुखावली.

पगाराला मात्र कुणी हात लावेना. बाईंनी आडून सांगून बघितलं, सरळ सांगितलं, शेवटी हात जोडून सांगितलं की वस्तू नकोत हो, माणसांचे पगार द्या. आमचं काम म्हणजे माणसंच. समोरचे मान डोलवायचे. “अगदी बरोबर आहे मॅडम. पण कसं आहे, आमच्या सभासदांना काहीतरी डोळ्यांना दिसावं लागतं.”

पगार आधी उशिरा व्हायला लागले, मग अर्धे. एक मावशी मॉलमध्ये फरशी पुसायला निघून गेली. दुसरी जाता जाता राहिली, कारण पोस्टमास्तरांनी तिचा पदर धरून “आज रविवार नाही, रजा मिळणार नाही,” असं फर्मावलं. स्वयंपाकघरात सगळ्या तोंड पाडून बसल्या होत्या.

“आपल्या पगारावर पाटी कुठे लावणार?” ड्रायव्हर म्हणाला. “आपल्या कपाळावर? माझी ना नाही. कपाळावर क्लब, छातीवर विमा कंपनी, आणि पाठीवर सरकार. पाठीशी आहेत ना ते.”

हसल्या सगळ्या, पण पोटातून नाही.

आणि मग साबणवाल्यांचा फोन आला. गावाबाहेर त्यांचा साबणाचा कारखाना होता. वारं फिरलं की वास पाळणाघरापर्यंत यायचा. त्यांनी बाईंना सांगितलं, “माझी बायको फार दिवस अंथरुणावर होती. तिचं करायला जी बाई होती, ती नसती तर मी उभा राहिलो नसतो. तुमच्या बायकांचे वर्षभराचे पगार मी देतो. एकदा येऊन बघून जातो. आणि हो, पाटी नको.”

बाईंनी फोन ठेवला, स्वयंपाकघरात आल्या, ओट्याला टेकल्या. “पाटी नको म्हणाले,” एवढं एकच वाक्य त्या पुन्हापुन्हा बोलत राहिल्या. त्या दिवशी मावशीने दादाला घरी नेताना वाटेत आइस्क्रीम खाऊ घातलं. “लग्न ठरलं का कुणाचं?” दादाने विचारलं. “हो, ठरलंच समज,” मावशी म्हणाली.

साबणवाले आले ते लेकीला घेऊन. कारखाना लेकच बघत होती आणि वडील बघितल्यासारखं करत होते, ही बातमी ड्रायव्हरने त्यांच्या ड्रायव्हरकडून काढून आणली होती. लेक मोठी टापटिपीची, सतत फोन हातात, पण बापाच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून चालणारी. बापाने सगळ्या खोल्या बघितल्या, ब्लँकेटांचा ढीग बघून “कोण एवढं गारठलंय?” म्हणून हसवलं, आणि मागच्या आवारात दादापाशी येऊन ते रमले. बाई चहाला बरे कप शोधायला आत गेल्या.

“कुणाचं काम?” दादाने ब्रश पाण्यात बुडवत विचारलं.

“माझंच. साबणाचा कारखाना आहे आपला.”

“नाव काय लिहू?”

साबणवाल्यांनी लेकीकडे बघितलं. लेक फोनवर कुणाला तरी काहीतरी समजावत होती. मग ते म्हणाले, “नुसतं ‘साबण’ लिहा. तेच उठून दिसेल.”

दादाने भिंतीवर झोकदार ‘साबण’ काढला. “ॲडव्हान्स लागेल.”

सगळे हसले. साबणवालेही हसले आणि खिसे चाचपायला लागले. एक चाचपला, दुसरा चाचपला, परत पहिला. हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी वर बघितलं तर समोर मावशी उभी.

“अहो, तुमचे पैसे पोचले ना? मी दिले होते. मागेच दिले मी.”

पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तशी ती नजर. मावशी ती रोज बघत होती. पोस्टमास्तरांची, आजींची, दादाची. अशा वेळी विचार करायला ती थांबायची नाही. पडणाऱ्या माणसाला हात द्यावा तसा तिचा शब्द पुढे व्हायचा.

“पोचले की,” ती म्हणाली.

“वर्षभराचे?”

“तर! वर्षभराचे.”

“सगळ्यांना पुरले ना? कुणी वंचित राहिलं नाही?”

“सगळ्यांना पुरले, साहेब. बसा, चहा येतोय.”

साबणवाले सुटल्यासारखे कट्ट्यावर बसले. लेक फोन बाजूला करून बघत होती. “बाबा, तुम्ही परस्पर देऊन टाकलेत? मला बोलला नाहीत.”

“सगळं तुला विचारून करायला तू काय माझा बाप आहेस?”

परत हशा. मावशीने लेकीकडे बघून डोळे मिटले, उघडले. लेक छानसं हसली, तिने मान हलवली, फोनवर काहीतरी टिपलं. मावशीला वाटलं, कळलं हिला. स्वतःच्या बापाचं लेकीला कळणार नाही तर कुणाला?

ते गेल्यावर कप विसळताना ती बाईंना म्हणाली, “साबणवाले जरा आपल्यातलेच वाटतात हं.”

“देईपर्यंत तरी म्हणू नकोस गं बाई,” बाई म्हणाल्या. दोघी हसल्या, आणि तो विषय तिथेच राहिला.

पैसे आले नाहीत. बाईंनी आठवडाभर वाट बघितली, मग भिडेखातर आणखी काही दिवस, मग फोन केला. लेकीनेच उचलला. बाई नुसतं “बरं... बरं... असं म्हणाल्या का त्या?” करत राहिल्या. फोन ठेवून त्यांनी मावशीला हाक मारली तेव्हा आवाज अगदी साधा होता. मावशी हातातलं काम टाकून आली.

“तू त्यांना पैसे पोचले म्हणालीस?”

“ते... ते विचारत होते हो बाई. त्यांना आठवत नव्हतं. मी आपलं नेहमीसारखं...”

“आणि लेकीला डोळ्यांनी खूण केलीस.”

“हो! मग तिला कळलंच असेल की.”

“तिला वाटलं, बाप गुपचूप दान करतात हे तू तिला खुणेने सांगितलंस. कौतुक वाटलं म्हणाली बापाचं.” बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अगं, माणूस बघून तरी बोलायचं!”

“माणूस बघूनच बोलले, बाई.”

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. नियम त्यांनीच घालून दिला होता.

दोघी कारखान्याच्या ऑफिसात गेल्या. काचेची केबिन, गार हवा, आणि साबणाचा इतका वास की मावशीला आपला पदर मळका वाटायला लागला. लेकीने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?”

“तेव्हा,” मावशी म्हणाली.

बाईंनी पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं. लेकीने ते हातात घेतलं नाही. “बाबा त्यांच्या स्वतःच्या पैशातून देतात. कधी चेक, कधी रोख. कुणाच्या हातात दिले ते मी विचारत नाही. चार माणसांदेखत तुमच्या बाईंनी पोचले म्हणून सांगितलं. मधल्या मध्ये काय झालं असेल, ते तुम्ही आपसांत बघून घ्या.”

बाई पांढऱ्याफटक पडल्या. उभं आयुष्य दुसऱ्यांचे लाळेरे धुण्यात गेलेली बाई, तिला पहिल्यांदाच कुणी चोर म्हटलं होतं, तेही अहोजाहो करून.

“ताई,” मावशी पुढे झाली, “राग मानू नका. मी रोज अशीच माणसं बघते. साहेबांना जरा...”

लेक उठली आणि तिने केबिनचं दार लावून घेतलं. ओरडली ती त्यानंतर, आणि तेसुद्धा हळू आवाजात. “हे वाक्य इथून बाहेर गेलं तर बघा. त्यांच्या सह्यांवर हा सगळा कारखाना चालतो. उद्या कुणीही उठून प्रत्येक सहीवर बोट ठेवेल. कळतंय का तुम्हाला?”

मावशीला कळत होतं. राग आलेलं माणूस आधी ओरडतं. हिने आधी दार लावलं होतं. म्हणजे हिला माहीत होतं. बहुतेक बरेच दिवस माहीत होतं आणि हीसुद्धा घरात एकटीच, कुणी न शिकवता, नाही म्हणायचं नाही हा नियम पाळत होती.

तेवढ्यात दार उघडलं. साबणवाले आत आले, ओळखीचं हसले. मावशीचा चेहरा त्यांच्या लक्षात होता. “अरे वा, पाळणाघर! काय, पैसे पुरताहेत ना?”

लेक मावशीकडे बघत होती. बाई खाली बघत होत्या. मावशीला पाण्याचं डबडं घेऊन भिंतीशी उभा असलेला दादा दिसला, आणि मग भर रस्त्यात उभा असलेला दिसला.

“नाही पोचले, साहेब,” ती म्हणाली.

“नाही कसे? तुम्हीच म्हणालात.”

“म्हणाले मी. पण नव्हते पोचले.”

साबणवाल्यांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. “मग मी कुणाला दिले?”

त्यांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला. चष्म्याचं घर ठेवलं. किल्ल्या, गोळ्यांची पट्टी, साबणाचा घडी घातलेला कागद. सगळं एकेक करून, ओळीने. “दिले तर मी. मला चांगलं आठवतंय, माझ्या हाताने दिले. मग कुणाला दिले?” रिकामा खिसा त्यांनी उलटा करून बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघत राहिले. लेकीने त्यांचे दोन्ही हात धरले तरी बोटं चाचपायची थांबेनात.

“झालं समाधान?” ती मावशीला म्हणाली.

त्यानंतर फार काही उरलं नाही. पाळणाघरात पैसे खाल्ले गेले अशी बोलवा कुठून उठली कुणास ठाऊक. ऑफिसात काचेपलीकडे बसलेल्या माणसांनाही कान होतेच. क्लबने चाकांच्या खुर्च्यांचा हिशोब मागवला. विमा कंपनीचा माणूस येऊन घड्याळं मोजून गेला. सरकारी साहेबांनी झाल्या प्रकाराबद्दल दुःख व्यक्त केलं आणि पाठीशीच राहिले. पाळणाघराच्या शेवटच्या दिवशी ड्रायव्हरने सगळ्यांना घरी सोडलं. पोस्टमास्तर उतरताना म्हणाले, “उद्या वेळेवर या.” तो म्हणाला, “येतो साहेब,” आणि व्हॅन गल्लीच्या टोकाला नेऊन, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिला.

मावशी घरी बसली. चार ठिकाणी विचारून झालं. काम होतं, पण दादासकट तिला कुणी ठेवून घेईना. ती दुकानात गेली की दादा जिन्यात, ती अंघोळीला गेली की दादा रस्त्यावर. शेजारीण म्हणाली, “दुपारी एकदा डोकावून दोन घास भरवीन मी, पण दिवसभराचं मला नाही झेपायचं गं.” तिचंही खरंच होतं. घरमालकाने एकदा सौम्यपणे भाड्याची आठवण करून दिली, दुसऱ्यांदा सौम्यपणा घरी ठेवून आला.

अशात एका सकाळी साबणवाल्यांची लेक जिना चढून आली. टापटीप कुठल्या कुठे गेली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं, केस कसेतरी बांधलेले. दादाने उठून आपली खुर्ची तिला दिली. “बसा, बसा. पाटी करायचीय का?”

“नाही,” ती म्हणाली.

“मग बोर्ड?”

तिने मावशीकडे बघितलं. मावशी म्हणाली, “हो दादा, बोर्डच. तू आत जाऊन मापाची पट्टी बघ बरं.”

दादा आत गेल्यावर लेक बोलायला लागली. “बाबा झोपत नाहीत. कुणाला दिले, कुणाला दिले, हेच चाललंय. सगळे ड्रॉवर काढून टाकले. गाद्या उसवल्या. मी म्हणाले पोचले, तर म्हणतात ती बाई नाही म्हणाली. तुमचंच तेवढं डोक्यात बसलंय.” ती थांबली. “तुम्ही नाही म्हणालात. आता तुम्हीच येऊन हो म्हणा. दिवसभर तिथेच थांबा. तिथल्यापेक्षा बराच जास्त पगार देईन.”

मावशी म्हणाली, “हेच तिथे दिलं असतंत ताई, तर साहेबांना तिथेच आणता आलं असतं. आमचा दादा होता बोलायला. दोघांचं जमलंही होतं.”

“बाबांना? तिथे?” शब्द निघून गेल्यावर तिचा तिलाच ऐकू आला असावा. ती ओशाळली.

“अजूनही उघडता येईल. बाई आहेत, ड्रायव्हर आहे, आम्ही आहोत.”

“या वर्षी मदतीच्या पैशातून कंपनीने झाडं लावायचं ठरवलंय,” लेक म्हणाली, खाली बघून.

“बरं. मग दादाला बरोबर आणते. कोपऱ्यात बसेल. त्याचा त्रास नसतो हो काही.”

“घरी माणसं येतात-जातात, मावशी. एकाचंच लपवता लपवता माझा...” तिने वाक्य सोडून दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, हेच मावशीला जास्त लागलं. खोटं असतं तर जिन्यावरून खाली हाकलता आलं असतं.

आतून दादाचा आवाज आला, “ठके, पट्टी सापडत नाहीये गं.”

“असू दे दादा,” ती म्हणाली, आणि लेकीला विचारलं, “कधीपासून येऊ?”

पहिल्या दिवशी ती अंधारातच उठली. दादाला अंघोळ घातली, धुतलेला शर्ट घातला, पोटभर खाऊ घातलं. गॅसची टाकी शेजारणीकडे नेऊन ठेवली. काचेचा तांब्या, सुरी, कात्री, काड्यापेटी सगळं माळ्यावर टाकलं. दाराला बाहेरून नवीन कडी लावायला आदल्या दिवशी ड्रायव्हर आला होता. त्याने भोकं पाडली, स्क्रू आवळले, हलवून बघितली आणि एकही विनोद न करता निघून गेला.

“कुठे निघालीस?” दादाने विचारलं.

“इथेच. आले हं.”

तिने दार ओढून घेतलं. कडी नवी होती, घट्ट बसली, आवाज झाला. खाली गाडी येऊन उभी होती. ती जिन्याकडे वळली तेवढ्यात आतून टकटक झाली. जोरात नाही. परक्याच्या घराचं दार वाजवावं तशी, अदबीने.

“कुणी आहे का?” दादा म्हणाला. “दार अडकलंय बहुतेक.”

मावशीने तोंडावर पदर धरला.

“घाई नाही हो,” आतून आवाज आला. “सवडीने उघडा.”

खाली गाडीचा हॉर्न वाजला. पावलं ऐकू गेली तर तो परत हाक मारेल म्हणून तिने चपला काढल्या, हातात घेतल्या आणि ती जिना उतरली.